१३१ गुणांवरून पुढे: एफएमजीईच्या दुसऱ्या प्रयत्नाचं नियोजन

पत्र: मी परदेशातून एमबीबीएस करून परत आले. एफएमजीईच्या (परदेशातल्या पदवीवर भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्यासाठीच्या परीक्षेच्या) पहिल्या प्रयत्नात १३१ गुण मिळाले. रोज दहा-बारा तास बसते. ॲपवरचे व्हिडिओ निम्म्याहून जास्त बघून झालेत, सहा वह्या भरून नोट्स आहेत, पण महिन्यापूर्वी केलेलं काही आठवत नाही. पुढच्या परीक्षेला साधारण २२ आठवडे आहेत. सगळे १९ विषय पुन्हा पहिल्यापासून करायचे का? सुरुवात कुठून करू? गावाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला ‘डॉक्टर’ म्हणून बोलावतायत, घरी तेवढाच हातभार लागेल. ते घेऊ का? शिवाय एफएमजीईच्या जागी नेक्स्ट परीक्षा येणार म्हणतात, मग ही तयारी वाया तर जाणार नाही ना?
— सातारा जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर:

रात्रपाळीचं आधी सांगते, कारण तो निर्णय तुम्हाला याच आठवड्यात घ्यायचा असेल. घेऊ नका. नोंदणी नसताना रुग्ण तपासणं, औषध लिहिणं हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हॉस्पिटलवाले म्हणतील, ‘वर सिनियर डॉक्टर आहेतच, तुम्ही फक्त थांबायचं.’ पण रात्री दोन वाजता छातीत दुखणारा पेशंट आला की समोर तुम्हीच असता आणि केसपेपरवर अक्षर तुमचंच असतं. शिवाय आठवड्यातून तीन रात्री जागलात, तर पुढचे तीन दिवसही अभ्यासाच्या कामाचे राहत नाहीत. पैशांची निकड असेल तर बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवा, तासाचं काम घ्या. एखाद्या ओळखीच्या सर्जनकडे किंवा गायनॅकॉलॉजिस्टकडे आठवड्यातून दोन तास नुसतं बघायला बसायला मिळालं, तर ते मात्र जरूर करा. उपकरणं आणि एक्स-रे हाताळलेले, बघितलेले असले की पेपरातली चित्रं ओळखू येतात.

नेक्स्टचंही इथेच संपवू. तुम्ही ज्या सत्राला बसणार आहात त्याची अधिकृत माहितीपुस्तिका परीक्षा घेणाऱ्या एनबीईएमएस या मंडळाच्या संकेतस्थळावर येते. तिच्यात एफएमजीई लिहिलेलं असेल तर परीक्षा एफएमजीईच. टेलिग्रामच्या ग्रुपवरच्या चर्चेला एक मिनिटही देऊ नका. मेडिसिन, सर्जरी, पीएसएम (सार्वजनिक आरोग्य) कुठल्याही परीक्षेत तेच राहणार आहे.

आता १३१ कडे नीट बघू. ‘१९ गुणांनी हुकलं’ असं वाटतं आणि त्यातून ‘थोडा जोर लावला की होईल’ असा निष्कर्ष निघतो. तो फसवा आहे. पेपरात ३०० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चुकीला गुण कापत नाहीत, उत्तीर्णाला १५० लागतात. समजा एखाद्याला ७५ प्रश्नांची उत्तरं पक्की येतात आणि उरलेल्या २२५ प्रश्नांत त्याने डोळे मिटून पर्याय निवडले. त्या २२५ पैकी सरासरी ५६ बरोबर येतात. ७५ अधिक ५६, झाले १३१. प्रत्यक्षात कोणी इतकं आंधळेपणाने निवडत नाही, दोन पर्याय तरी काढून टाकतोच. पण १३१ मध्ये अंदाजाचा वाटा किती मोठा असू शकतो, हे या हिशोबातून कळतं. याच हिशोबाने १५० साठी १०० प्रश्न पक्के यायला हवेत आणि १७५ साठी साधारण १३३.

१७५ कशाला, असं विचाराल. कारण अंदाजाच्या भागात नशीब खेळतं. २०० प्रश्न अंदाजाने सोडवले तर सरासरी ५० बरोबर येतात, पण एखाद्या दिवशी ३८ येतील, एखाद्या दिवशी ६२. म्हणजे मॉकमध्ये १५५ पडतायत म्हणून निश्चिंत झालेली मुलगी खऱ्या परीक्षेत १४५ वर थांबू शकते आणि तिची तयारी काही कमी झालेली नसते. म्हणून मॉकमध्ये १७५ हे उद्दिष्ट ठेवा. टॉपर व्हायची गरज नाही. ही परीक्षा रँकची नाही, फक्त रेषा ओलांडायची आहे, आणि हे मनात पक्कं असलं की काय सोडायचं हे ठरवणं सोपं जातं.

पहिल्या आठवड्यात नवीन काही वाचू नका. एक पूर्ण मॉक घ्या: १५० प्रश्न १५० मिनिटांत, मध्ये सुट्टी, मग पुन्हा १५० प्रश्न १५० मिनिटांत. सोडवतानाच प्रत्येक प्रश्नापुढे कागदावर खूण करा, खात्री आहे की अंदाज आहे. निकाल आल्यावर प्रत्येक प्रश्न चारपैकी एका खान्यात टाका: खात्रीने बरोबर, अंदाजाने बरोबर, माहीत होतं पण चुकलं, माहीतच नव्हतं. हे विषयवार करा. दोन-तीन दिवस जातील, जाऊ द्या. पुढच्या २१ आठवड्यांचं वेळापत्रक याच कागदावरून निघणार आहे.

प्रत्येक खान्याचा उपाय वेगळा आहे. ‘माहीतच नव्हतं’ याला वाचन किंवा व्हिडिओ लागतो. ‘अंदाजाने बरोबर’ हे चूकच समजा, कारण पुढच्या वेळी ते येईलच असं नाही. सगळ्यात महत्त्वाचा तिसरा खाना, आणि दुसऱ्या प्रयत्नाच्या मुलांचा हाच खाना सगळ्यात भरलेला असतो. एक नमुना बघा. पेशंटला उलट्या होतायत, श्वास खोल आणि जलद, साखर ४८०, पोटॅशियम २.८, सलाईन सुरू केलंय. पुढची पायरी काय? डायबेटिक किटोॲसिडोसिस ओळखता येतो, ‘सलाईन, मग इन्सुलिन’ हे तोंडपाठ असतं आणि हात इन्सुलिनवर जातो. पण इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं. आधीच २.८ असलेलं पोटॅशियम आणखी खाली गेलं तर हृदयाची लय बिघडते. म्हणून आधी पोटॅशियम द्यायचं. या विषयाचा व्हिडिओ चौथ्यांदा पाहून ही चूक सुटणार नाही. २.८ हा आकडा प्रश्नात उगाच दिलेला नाही हे दिसायची सवय फक्त प्रश्न सोडवून लागते.

तुम्हाला विसरायला होतं त्याचंही कारण इथेच आहे. व्हिडिओ बघताना, नोट्स पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. पण परीक्षेत ओळखीचं वाटून भागत नाही, डोक्यातून बाहेर काढावं लागतं. ज्याला बाहेर काढायचा सराव कधी दिलाच नाही ते आठवत नाही. म्हणून विषय वाचण्याआधी कोऱ्या कागदावर पाच मिनिटं जे आठवतं ते लिहा, मग पुस्तक उघडा. आणि सहा वह्यांपुढे सातवी करू नका. प्रत्येक विषयाची एकच छोटी नोट ठेवा, छापील असो वा तुमची, नवीन मिळेल ते तिच्याच समासात लिहा.

‘१९ विषय पहिल्यापासून करायचे का’ याचं उत्तर गुणांच्या वाटणीत आहे. ३०० पैकी १०० गुण प्री आणि पॅरा-क्लिनिकलचे: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी प्रत्येकी १३, फॉरेन्सिक १०. उरलेले २०० क्लिनिकलचे. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, गायनॅक-ऑब्स ३०, पीएसएम ३०, आणि पेडियाट्रिक्स, नेत्र, ईएनटी प्रत्येकी १५. सायकियाट्री, त्वचा, रेडिओथेरपी, ॲनेस्थेशिया, ऑर्थो, रेडिओडायग्नोसिस यांना प्रत्येकी ५. यातले चार मोठे विषय मिळून १२५ होतात. नेत्र, ईएनटी आणि सहा छोटे विषय मिळून ६०, आणि हे सगळे मिळून दहा दिवसांत उरकतात. व्हिडिओंच्या क्रमाने जाणाऱ्यांचं ॲनाटॉमीवर महिनाभर रेंगाळणं होतं आणि ऑर्थोपर्यंत पोचायच्या आत परीक्षा येते. गुण मात्र दिवस मोजून मिळत नाहीत.

पीएसएमवर जरा थांबते, कारण परदेशात शिकून आलेल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. तुमच्या कॉलेजात जो सार्वजनिक आरोग्याचा विषय होता तो त्या देशाचा होता. इथे ३० गुण भारताच्या कार्यक्रमांचे, भारताच्या लसीकरणाचे, भारतातल्या आरोग्यव्यवस्थेच्या आकड्यांचे आहेत. ते तुम्ही कधी शिकलाच नाहीत, म्हणून हा विषय उजळणीचा समजू नका, नव्याने करा. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक कागद न बघता लिहिता आलं पाहिजे: जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी, ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, तोंडी पोलिओ आणि रोटा; पीसीव्ही (न्यूमोकॉकल लस) ६ आणि १४ आठवड्यांना आणि बूस्टर ९ महिन्यांना, एफआयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) ६ आणि १४ आठवड्यांना, आणि तिसरा डोस ९ महिन्यांना. हा तिसरा डोस २०२३ मध्ये आला, जुन्या नोट्समध्ये दोनच दिसतील. ९ महिने आणि १६ ते २४ महिने असे एमआरचे (गोवर-रुबेला) दोन डोस. १६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा पहिला बूस्टर, ५ ते ६ वर्षांना दुसरा, टीडी १० आणि १६ व्या वर्षी. मुलं इथे बूस्टरला पेंटाव्हॅलंट लिहून येतात. बूस्टर डीपीटीचा असतो.

तसंच लोकसंख्येचं प्रमाण: उपकेंद्र ५,००० ला, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० ला, सीएचसी (सामुदायिक आरोग्य केंद्र) १,२०,००० ला, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,०००, २०,००० आणि ८०,०००. जैववैद्यकीय कचऱ्याचे चार रंग: पिवळा, लाल, पांढरा, निळा. सुई पांढऱ्यात, सलाईनची नळी लाल पिशवीत, काच निळ्यात. कुटुंबनियोजनात अंतरा म्हणजे डीएमपीएचं दर तीन महिन्यांचं इंजेक्शन. छाया म्हणजे सेंटक्रोमन ३० मिलिग्रॅम, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षांची. स्क्रीनिंगची दोन-बाय-दोनची चौकट रोज एकदा हाताने मांडा. रोगाचं प्रमाण वाढलं की पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू वाढते, सेन्सिटिव्हिटी तीच राहते. एवढ्या एका वाक्यावर किती तरी प्रश्न बेतता येतात. पीएसएमचा मुख्य अभ्यास सात दिवसांचा, पण त्याशिवाय रोज अर्धा तास पीएसएमला द्याच, शेवटच्या दिवसापर्यंत. हा विषय शुद्ध आठवणीचा आहे, दहा दिवस न बघितला तर उडतो.

फॉरेन्सिकच्या नोट्स कधीच्या आहेत ते आधी तपासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आणि कलमांचे क्रमांक बदलले. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं, आता १०३. निष्काळजीपणामुळे मृत्यू ३०४-अ होतं, आता १०६. हुंडाबळी ३०४-ब होतं, आता ८०. पोलीस इन्क्वेस्ट सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) १७४ होतं, आता बीएनएसएस (नागरिक सुरक्षा संहिता) १९४. जुना आणि नवा क्रमांक शेजारी-शेजारी लिहून एका पानाचा तक्ता करा. गर्भपात कायद्यातला २०२१ चा बदलही याच पानावर घ्या: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी २० ते २४ आठवड्यांना दोघांचं, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ.

आता कॅलेंडर. पहिला आठवडा वर सांगितलेल्या तपासणीचा. त्यानंतर १२ आठवडे पहिली फेरी: आठवड्याचे सहा दिवस नवीन विषय, रविवार उजळणीचा, म्हणजे हातात ७२ दिवस. मेडिसिनला ९, सर्जरीला ८, गायनॅक आणि पीएसएमला ७-७, पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजीला ५-५, मायक्रो, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीला ४-४, पेडियाट्रिक्स, नेत्र, ईएनटीला ३-३, फॉरेन्सिकला २. उरलेले चार दिवस ऑर्थो, रेडिओडायग्नोसिस, त्वचा, आणि एकाच दिवसात सायकियाट्री व ॲनेस्थेशिया. रेडिओथेरपी सर्जरीतल्या कॅन्सरच्या भागासोबत करून टाका, तिला वेगळा दिवस नको. तुमच्या तपासणीत एखादा विषय फारच कच्चा निघाला तर त्याला एखादा दिवस वाढवा, पण तो दुसऱ्या विषयातून काढून. ७२ चा आकडा वाढू देऊ नका.

सुरुवात पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मायक्रोपासून करा. हे तीन झाले की मेडिसिन निम्मं हलकं होतं, कारण मेडिसिनच्या प्रश्नात रोग पॅथॉलॉजीतला, जंतू मायक्रोतला आणि औषध फार्माकॉलॉजीतलं असतं. ॲनाटॉमी शेवटी ठेवा. तिच्यातलं सगळ्यात लवकर विसरतं, आणि १७ गुणांपैकी बरेचसे ठरावीक ठिकाणांहून येतात: नर्व्ह इजा, कवटीतली छिद्रं, ब्रँकियल आर्चेस, रक्तवाहिन्यांच्या शाखा. बायोकेमिस्ट्रीत एन्झाइमची कमतरता, साठवणुकीचे आजार, व्हिटॅमिन हे पक्कं करा. प्रत्येक पाथवेची रसायनं पाठ करण्यात आठवडा घालवू नका.

दिवस आठ तासांचा पुरे. बारा तास बसून सहा तास डोळ्यांपुढून पानं सरकत असतील तर ते सहा तास झोपेला आणि चालायला द्या. सकाळी डोकं ताजं असताना आधी झालेल्या विषयांचे ५० मिश्र प्रश्न घड्याळ लावून ५० मिनिटांत, मग त्यांची स्पष्टीकरणं सत्तर मिनिटं. त्यानंतर अडीच तास आजचा नवा भाग: आधी छोटी नोट, अडेल तिथेच व्हिडिओ, तोही दीडपट वेगाने. दुपारी त्याच भागाचे ४० प्रश्न आणि त्यांची चिरफाड, दोन तास. संध्याकाळी दीड तासात कालचं, आठवड्यापूर्वीचं, पीएसएमचा अर्धा तास आणि दहा चित्रं. चित्रं म्हणजे ईसीजी, एक्स-रे, फंडस, त्वचेचे चट्टे, स्लाइड, उपकरणं. रोज दहा म्हटलं तर पहिल्या फेरीअखेर सातशेवर चित्रं नजरेखालून गेलेली असतात.

रोज ९० प्रश्न, ७२ दिवसांत साडेसहा हजारांच्या आसपास. पण सोडवून पुढे जाण्यात काही नाही. चूक कशी टिपता यावर सगळं आहे. चुकांची एकच वही ठेवा आणि तिला कडक नियम लावा: एका चुकीला दोन ओळी, जास्त नाही. पहिल्या ओळीत का चुकलं, दुसरीत काय लक्षात ठेवायचं. समजा बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा प्रश्न चुकला, पेशंटला दमा होता आणि तुम्ही कार्बोप्रोस्ट निवडलं. नोंद अशी: ‘दमा वाचला, दुर्लक्ष केलं. दमा असेल तर कार्बोप्रोस्ट नको. रक्तदाब असेल तर मिथिलअर्गोमेट्रिन नको.’ संपलं. स्पष्टीकरणाचा परिच्छेद उतरवलात तर ती नोट्सची सातवी वही होते आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडवतही नाही. रोज चाळीसच्या आसपास चुका होतील सुरुवातीला, घाबरू नका, त्यातल्या पुन्हा विचारल्या जातील अशा पंधराच वहीत घ्या. रविवारी आठवड्याच्या नोंदी उजव्या बाजूवर हात ठेवून स्वतःला विचारा. दोन रविवार लागोपाठ आलेली नोंद खोडून टाका. वही बारीक होत गेली पाहिजे.

दुसरी फेरी सहा आठवड्यांची, सगळे विषय निम्म्या दिवसांत. आता वाचन कमी, रोज दीडशे प्रश्न. तिसरी फेरी दोन आठवडे, फक्त चुकांची वही, तक्ते, चित्रं, पीएसएम आणि छोटे विषय. बाविसावा आठवडा परीक्षेचा. एक लक्षात असू द्या, सत्राचं नाव जून किंवा डिसेंबर असलं तरी परीक्षा त्याच महिन्यात होतेच असं नाही. डिसेंबर २०२४ सत्राची परीक्षा १२ जानेवारी २०२५ ला झाली, जून २०२५ सत्राची २६ जुलैला. तारीख पुढे गेली तर मिळालेले दिवस नवीन पुस्तकाला देऊ नका. दुसऱ्या फेरीत कच्चे राहिलेले तीन विषय पुन्हा करा आणि तिसरी फेरी जशी आहे तशी मागे सरकवा.

मॉकचं प्रमाण: पहिल्या फेरीत एक रविवार सोडून १५० चा अर्धा पेपर, दुसऱ्या फेरीत दर रविवारी पूर्ण ३०० चा, तिसऱ्या फेरीत दोन. शेवटचा मॉक परीक्षेच्या सात दिवस आधी, त्यानंतर एकही नाही. आकडा कमी आला तर तो भरून काढायला वेळ नसतो आणि झोप मात्र जाते. पहिल्या फेरीअखेर ३०० पैकी १४० (म्हणजे अर्ध्या पेपरात ७०), दुसरीअखेर १६५, शेवटी १७५ अशी पायरी धरा. दुसऱ्या फेरीच्या चौथ्या आठवड्यातही १५० च्या खाली असाल तर सगळं धरून ठेवायचा हट्ट सोडा. त्या वेळी बायोकेमिस्ट्रीचे पाथवे, फिजिऑलॉजीतले आलेख, मेडिसिनमधले दुर्मिळ सिंड्रोम बाजूला ठेवून पीएसएम, गायनॅक, नेत्र, ईएनटी, फार्माकॉलॉजी पक्कं करा. मॉकनंतर रँक बघून ॲप बंद करणं ही सगळ्यात महागडी सवय. तीनशे प्रश्नांच्या मॉकला जितका वेळ लागतो, किमान तितकाच त्याच्या विश्लेषणाला लागतो, सोमवारची सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवा.

पेपर सोडवण्याची पद्धतही मॉकमध्येच बसवावी लागते. आता पेपर वेळेने बांधलेल्या विभागांत असतो. विभागाची वेळ संपली की तो बंद होतो, मागे जाता येत नाही आणि पुढचा आधी उघडता येत नाही. ‘अवघड प्रश्न शेवटी बघू’ ही जुनी सवय यात मारक ठरते. प्रत्येक विभागात पहिली फेरी प्रश्नाला पाऊण मिनिट या वेगाने करा, अडलेल्या प्रश्नातही तात्पुरता पर्याय निवडूनच खूण करून पुढे जा. उरलेल्या वेळात खुणांचे प्रश्न. रिकामा प्रश्न एकही राहता कामा नये, कारण चुकीला काही कापत नाहीत. आणि निवडलेलं उत्तर बदलायचं तर कारण शब्दांत सांगता आलं पाहिजे, जसं ‘पोटॅशियम २.८ आहे हे आधी बघितलं नव्हतं’. नुसतं ‘आता दुसरं वाटतंय’ असेल तर हात लावू नका.

अभ्यासाशी संबंध नसलेली एक गोष्ट अभ्यासाइतकीच नाजूक आहे, कागदपत्रं. पदवी प्रमाणपत्रावर भारतीय दूतावासाचं साक्षांकन किंवा अपोस्टिल झालंय ना, नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी आणि दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळतं ना, हे याच महिन्यात तपासा. अर्जातली त्रुटी दूर करायला एनबीईएमएस ठरावीक मुदत देते, आणि ती मुदत नेमकी तिसऱ्या फेरीच्या आसपास येते. तेव्हा परदेशातल्या विद्यापीठाला ईमेल लिहीत बसण्यात चार-पाच दिवस जातात.

घरच्यांना हे वेळापत्रक भिंतीवर लावून दाखवा. ‘अभ्यास झाला का’ या प्रश्नाला उत्तर नसतं, पण ‘आज सर्जरीचा पाचवा दिवस, ९० प्रश्न झाले’ याला असतं. रविवारची दुपार घरच्यांची, तेव्हा अभ्यास नाही. दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, पुस्तक उघडलं की रडू येत असेल, तर तो आळस नाही. डॉक्टर म्हणून पेशंटला जे सांगाल तेच स्वतःसाठी करा, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे.

शेवटच्या सात दिवसांत रोजची झोप परीक्षेच्या वेळेशी जुळवा: पेपर सकाळी असेल तर त्याच वेळेला प्रश्न सोडवायला बसा, दुपारची डुलकी बंद. आदल्या दिवशी केंद्रावर एकदा जाऊन या. त्या दिवशी वाचायचं ते फक्त लसीकरणाचा तक्ता, कलमांचं पान आणि चुकांच्या वहीतल्या उरलेल्या नोंदी, दुपारी चारपर्यंत. दोन भागांमधल्या सुट्टीत पहिल्या भागाची उत्तरं कोणाशीही जुळवू नका. बाहेर घोळके असतील, त्यांच्यापासून लांब बसा, काहीतरी खा, पाणी प्या. पुढचे १५० प्रश्न अजून बाकी आहेत, आणि पहिल्या भागात काहीही झालं असलं तरी त्यांचे १५० गुण पूर्ण शिल्लक आहेत.